तुरुंगवाङ्मय आणि तुरुंगांतील नोकरमाणसें

मराठींत तुरुंगवाङ्मय विपुल आहे आणि त्याचा आपणांस रास्त अभिमान आहे. मंडालेच्या तुरुंगांत लोकमान्य टिळकांनीं १९१०-११ च्या हिंवाळ्यांत शिसपेन्सिलीनें 'गीतारहस्य' लिहिलें. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं अठरा रविवार गीतेवर प्रवचनें केलीं व साने गुरुजींनीं तीं टिपून घेतलीं. पुढच्याच वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत गुरुजींनीं 'श्यामची आई' अवघ्या पांच दिवसांत लिहून काढली. अंदमानांतील अनुभवांवरची सावरकरांची 'माझी जन्मठेप' १९२७ सालीं पुस्तकरूपानें बाहेर आली. एकाच भाषेंतील इतके थोर ग्रंथ पंचवीस वर्षांच्या आंत तुरुंगवासांतून जन्मास यावे, ही गोष्ट असामान्य खरी. या ग्रंथांचें गुणवर्णन आजवर पुष्कळांनीं केलें आहे. त्यांत भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस एक निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तो वरवर पाहतां क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. तो असा कीं, या सर्व वाङ्मयांत तुरुंगांत नोकरी करणारीं माणसें कोठें आहेत?

नोकरमाणसें म्हणजे कोण, हें आधीं स्पष्ट केलें पाहिजे. सुपरिंटेंडेंट व जेलर हे अधिकारी होत. त्यांना तुरुंगवाङ्मयांत चेहरा मिळतो. क्वचित् लौकिक, बहुधा दुर्लौकिकहि मिळतो. आमचा रोख त्यांच्याकडे नाहीं. दिंडीदरवाजावर येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेणारा शिपाई, बराकीबाहेर येरझारा घालणारा रात्रपाळीचा पहारेकरी, दवाखान्यांतील कंपौंडर, कचेरींत कैद्यांचीं तिकिटें व माफीचे दिवस लिहिणारा कारकून, स्त्रियांच्या बराकीवरील मेट्रन, कैद्यांस अक्षरें गिरवावयास लावणारे गुरुजी, सुतारखान्यांत रंधा धरावयास शिकविणारा मिस्त्री, हीं तीं माणसें. यांतच आणखी एक विलक्षण वर्ग मिळविला पाहिजे. स्वतः शिक्षा भोगीत असतांनाच ज्यांच्याकडे इतर कैद्यांवरील देखरेख, स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा किंवा झाडलोट सोंपविलेली असते, असे कैदी प्रत्येक तुरुंगांत असतात. त्यांतील जे देखरेखीवर नेमले जातात त्यांना १८९४ च्या तुरुंगांच्या कायद्यानें सरकारी नोकराचाच दर्जा दिला. अर्धा बंदिवान व अर्धा चाकर असा हा नरसिंहासारखा दुहेरी जीव तुरुंगाबाहेर कोठेंहि पाहावयास मिळत नाहीं.

या माणसांना एवढें महत्त्व कां द्यावें, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, न्यायाधीश शिक्षा सुनावतो ती एका वाक्यांत. ती भोगविली जाते मात्र हजारों बारीकसारीक कृत्यांनीं, आणि तीं कृत्यें याच माणसांच्या हातून होतात. मुलाकातीला दूरवरून आलेल्या म्हातारीला पांच मिनिटें अधिक बोलूं द्यावें कीं नाहीं? मध्यरात्रीं पोटांत कळ आलेल्या कैद्यासाठीं कंपौंडरला उठवावें, कीं सकाळपर्यंत त्याला तसाच कण्हूं द्यावा? माफीच्या दिवसांची बेरीज पुन्हां एकदां ताडून पाहावी, कीं आहे ती पुढें रेटावी? या प्रश्नांचीं खरीं उत्तरें नियमांच्या पुस्तकांत सांपडत नाहींत. तीं त्या त्या माणसाच्या स्वभावांत, थकव्यांत, भीतींत आणि पगारांत असतात. कारकुनाच्या बेरजेंत सातांचे पांच झाले तर एक माणूस दोन दिवस अधिक कोंडला जातो, आणि त्या दोन दिवसांची दाद कोणत्याहि महाकाव्यांत लागत नाहीं. दंडशक्ति ही राज्याची म्हणतात. परंतु ती ज्या हातांतून कैद्याच्या अंगापर्यंत पोहोंचते ते हात शिपायाचे व कारकुनाचे असतात. म्हणून आमच्या मतें तुरुंगाविषयींचें कोणतेंहि लेखन खरें किती, याची एक कसोटी अशी आहे: त्या लेखकाला हे हात दिसले काय?

पगाराचा उल्लेख आम्हीं सहज केलेला नाहीं. इंग्लंडांतील तुरुंगसुधारणेचा सगळा इतिहास पगाराच्याच गोष्टीपासून सुरू होतो. जॉन हॉवर्ड हा १७७३ सालीं बेडफर्ड परगण्याचा शेरीफ झाला. तेथील तुरुंग पाहतांना त्याला असें आढळलें कीं, कोर्टानें निर्दोष ठरविलेले लोकहि जेलराची दस्तुरी देतां येत नाहीं म्हणून आंतच खितपत पडले आहेत. कारण जेलराला वेतन नसून त्याचा चरितार्थच मुळीं कैद्यांकडून मिळणाऱ्या पैशावर चाले. हॉवर्डनें परगण्याला विनंति केली कीं, जेलराला पगार द्यावा. त्यावर, दुसरीकडे कोठें अशी चाल असेल तर दाखला दाखवा, असें उत्तर मिळालें. तो दाखला शोधण्यासाठीं तो गांवोगांवचे तुरुंग पाहत निघाला, आणि त्या भ्रमंतींतून त्याचा १७७७ सालचा प्रसिद्ध ग्रंथ निर्माण झाला. हॉवर्ड कांहीं साहित्यिक नव्हे. पण तुरुंगांतील क्रौर्य हें बहुधा दुष्ट माणसांचें नसून वाईट रीतीनें पोसलेल्या माणसांचें असतें, हें मर्म त्यानें ओळखलें. आणि पुढें ज्या थोर लेखकांनीं तुरुंग रंगविले त्यांतील उत्तमांनाहि तें ओळखतां आलें.

डिकन्सचें उदाहरण घ्या. त्याचा बाप १८२४ सालीं कर्जापायीं लंडनच्या मार्शलसी तुरुंगांत पडला होता, तेव्हां डिकन्स बारा वर्षांचा पोर होता. तीस वर्षांनीं त्यानें 'लिटल डॉरिट' ही कादंबरी लिहिली. तिची नायिका त्याच तुरुंगांत जन्मते, आणि दरवाजावरचा किल्लीवाला तिचा धर्मपिता होतो. तो तिच्यासाठीं एक लहानशी खुर्ची विकत आणून देवडींतल्या शेगडीशेजारीं मांडतो. शेतें कशीं असतात हें तिला ठाऊक नाहीं. त्यांनाहि कुलूप असतें का, असें ती त्याला विचारते. आणि मग तो सुटीच्या रविवारीं तिला हिरव्या माळावर फिरावयास नेऊं लागतो. आपली शिल्लक तिच्या नांवें अशी करावी कीं तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाचा हात तिला लागूं नये, यासाठीं तो जन्मभर वकिलांना सल्ला विचारीत राहतो. कोणीच खात्रीचा उपाय सांगत नाहीं. आणि शेवटीं मृत्युपत्र न करतांच मरतो. या किल्लीवाल्याची दया खरी आहे, पण ती देवडीच्या पलीकडे पोहोंचत नाहीं. त्याचा सारा जन्म कुलपें लावण्यांत गेल्यामुळें मायेलाहि कुलूप कसें लावावें एवढीच त्याची चिंता. डिकन्स भावविवश होतो हा त्याच्यावरचा आरोप आम्हांस मान्य आहे. परंतु या ठिकाणीं त्यानें नोकरी माणसाच्या मनाला कसा आकार देते हें दाखविलें आहे, आणि ही भावविवशता नव्हे.

डोस्टोव्हस्कीचें लेखन याहून कठोर. ओम्स्कच्या बंदिवासांत १८५० पासून १८५४ पर्यंत चार वर्षें काढल्यावर त्यानें 'मृतांच्या घरांतील आठवणी' लिहिल्या. त्यांत तुरुंगाच्या इस्पितळाचें सविस्तर वर्णन आहे. तेथील डॉक्टरांविषयीं कैदी कृतज्ञतेनें बोलतात. फटके खाऊन आलेल्याची पाठ पाहून डॉक्टर त्याचा गुन्हा कोणता हें विचारीत नाहीं. तथापि हेच दयाळू डॉक्टर क्षयानें मरणोन्मुख झालेल्या कैद्याच्या पायांतील बेडी काढवूं शकत नाहींत. तसा नियमच नाहीं. अशाच एका क्षयरोग्याचा मृत्यु लेखकानें सांगितला आहे. अंगावरचें वस्त्रहि त्याला जड झालें आहे, पण बेडी तशीच आहे. तो मरतो, आणि पहाऱ्यावरचा सार्जंट बोलावला जातो. तो येतो, प्रेत पाहतो, आणि न कळत शिरस्त्राण काढून क्रूसाची खूण करतो. शेजारचा एक कैदी एवढेंच म्हणतो कीं, यालाहि आई होती. मग बेडी तोडण्यासाठीं लोहाराला निरोप जातो. संबंध प्रसंग दीड-दोन पानांचा. परंतु डॉक्टर, सार्जंट व लोहार या तिघां नोकरांवांचून तो प्रसंग उभाच राहिला नसता. दया डॉक्टरपाशीं आहे पण अधिकार नाहीं. सार्जंटपाशीं अधिकार आहे पण दया आली ती मरणानंतर. आणि लोहाराचें काम तर दोहींशीं संबंध न ठेवतां चालणारें. नियम माणुसकीच्या मागें किती अंतरानें चालतो, तें अंतर येथें लेखकानें मोजून दाखविलें आहे.

ऑस्कर वाइल्डच्या लेखनांत हाच प्रश्न अधिक धारदार होतो. दोन वर्षांची सक्तमजुरी भोगून तो १९ मे १८९७ रोजीं सुटला. त्यानंतर पुरते दहा दिवसहि उलटले नाहींत तोंच लंडनच्या एका दैनिकांत त्याचें एक दीर्घ पत्र प्रसिद्ध झालें. तें स्वतःच्या दुःखाविषयीं नव्हतें. मार्टिन नांवाच्या एका वॉर्डरविषयीं होतें. रेडिंगच्या तुरुंगांत आणलेल्या एका चिमुकल्या भुकेल्या मुलाला या वॉर्डरनें गोड बिस्किटें दिलीं, आणि त्या अपराधाबद्दल त्याला नोकरीवरून काढून टाकण्यांत आलें. वाइल्डचें म्हणणें असें कीं, वॉर्डर हे सामान्यतः क्रूर नसतात. क्रौर्य असतें तें विचारशून्य नियमांत, आणि जो वॉर्डर दया दाखवितो तो त्या नियमान्वयें गुन्हेगार ठरतो. तुरुंगाच्या टीकाकारांनीं आजवर लिहिलेल्या पोथ्यांहून आम्हांस ही गोष्ट अधिक बोलकी वाटते. ज्या घरांत भुकेल्या पोराला बिस्किट देणें हा दंडनीय अपराध असतो त्या घराविषयीं निराळें काय सांगावयाचें उरलें? आणखी एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. १९०६ सालीं शेरार्डनें लिहिलेलें वाइल्डचें चरित्र निघालें, त्यांत वाइल्डच्या पहाऱ्यावर असलेल्या एका वॉर्डरनें लिहिलेलें एक प्रकरण आहे. लेखकाचें नांव त्यावर दिलेलें नाहीं. कैदी जगप्रसिद्ध, आणि पहारेकरी पुस्तकांतहि बेनामीच! तरी पण तो बोलला, ही गोष्ट लहान नाहीं.

आणि चेकॉव्ह? तो स्वतः डॉक्टर. १८९० सालीं सखालीन बेटावर जाऊन त्यानें तेथील काळ्या पाण्याची पाहणी केली. स्वतःच्या हातानें सुमारें दहा हजार माणसांचीं टिपणें भरलीं. आणि त्या पाहणीचा ग्रंथ १८९५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत कैद्यांइतक्याच अलिप्त नजरेनें त्यानें शिपाई, पहारेकरी व शिकलेले कामगार यांचेंहि निरीक्षण केलें आहे. त्यांच्यासाठीं स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. अधिकाऱ्यांच्या घरीं घरगडी म्हणून कैदी वाटून देण्याच्या चालीवर त्यानें कडक टीका केली. कारण त्या चालीनें शिक्षेचें रूपांतर खासगी गुलामगिरींत होतें. चेकॉव्ह कोणाला शाप देत नाहीं व कोणाला देव्हाऱ्यांत बसवीत नाहीं. तो विचारतो, हा माणूस दिवसभर काय करतो, काय खातो, कोणाला भितो? आमच्या मतें तुरुंगाविषयीं लिहिण्याची खरी रीत ती हीच.

आतां आपल्या घरीं परत येऊं. वर सांगितलेल्या कसोटीवर आपले ग्रंथ घासून पाहतां काय दिसतें? 'श्यामची आई'त तुरुंग नाहींच. 'गीताप्रवचनां'तहि तो जवळजवळ नाहीं. हा त्या ग्रंथांचा दोष असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ज्याला आईविषयीं सांगावयाचें आहे त्यानें भिंतींविषयीं सांगावें असा हट्ट कोण धरील? दोष आहे तो आपल्या वाचनाचा. हे ग्रंथ तुरुंगांत लिहिले गेले या घटनेनें आपण इतके भारून गेलों कीं तुरुंग म्हणजे तपोवन, बंदिवास म्हणजे अनुष्ठान अशी एक समजूत आपल्या मनांत घट्ट बसली. तपोवन म्हटलें कीं तेथें ऋषि असतो, समिधा असतात. किल्लीवाला, कंपौंडर व भंगी यांना तेथें जागा नसते. त्यामुळें ज्या तुरुंगांत ऋषि नाहींत, साधींच माणसें कोंडलेलीं आहेत, त्या तुरुंगाकडे पाहण्याची दृष्टीच आपल्या वाङ्मयाला लाभली नाहीं.

लोकमान्यांच्या मंडालेच्या वास्तव्यांतील एक गोष्ट या दृष्टीनें मननीय आहे. त्यांचा स्वयंपाक करावयास शिक्षा भोगणारा एक मराठी ब्राह्मण कैदी देण्यांत आला होता. 'गीतारहस्या'चीं पानें लिहिलीं जात असतां चूल पेटवीत होता तो हा माणूस. त्याच्या आठवणी पुढें छापल्या गेल्या आणि टिळकांच्या चरित्रकारांना त्यांचा उपयोगहि झाला. परंतु तो उपयोग कसला? तर १९१२ सालीं पत्नीच्या निधनाची वार्ता आली तेव्हां टिळक कसे वागले, ते काय खात, कसे बसत, हें समजून घेण्याचा. म्हणजे त्याच्या डोळ्यांनीं आपण टिळकांना पाहिलें. त्याला मात्र कोणी पाहिलें नाहीं. तो तुरुंगांत कशापायीं आला, दुसऱ्यासाठीं रांधतांना त्याला आपलें घर आठवे कीं नाहीं, थोर पुरुषाच्या सहवासाचा त्याला आधार वाटे कीं धाक, हे प्रश्न कोणाच्या मनांत उद्भवल्याचें दिसत नाहीं. आम्ही हें टिळकभक्तांना दूषण म्हणून सांगत नाहीं. आपली दृष्टि कोठें थांबते तें दाखविण्यासाठीं सांगतों.

सावरकर या बाबतींत आपल्या तुरुंगलेखकांत सर्वांहून डोळस आहेत हें मान्य केलें पाहिजे. 'माझी जन्मठेप' या ग्रंथांत बारीसाहेबाच्या मागें जमादार, पेटी अफसर व वॉर्डर यांची सबंध उतरंड उभी आहे. कालचा कैदी आज पट्टा लावून अधिकारी होतो, आणि कालच्याच सोबत्याला कोलू ओढण्याची सक्ति करतो. हा अंदमानच्या व्यवस्थेचा गाभा त्यांनीं अचूक पकडला. इंग्रजानें थोडक्या गोऱ्यांवर एवढा मोठा बंदिवास चालविला तो कैद्याकडूनच कैद्याला राबवून, ही गोष्ट त्यांच्याइतकी स्पष्टपणें मराठींत दुसऱ्या कोणीं दाखविलेली आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु हें दर्शन रणांगणावरचें आहे. प्रत्येक लहान नोकर तेथें शत्रु म्हणून येतो किंवा फितूर झालेला मित्र म्हणून येतो. बातमी आणून देणारा भला, चहाडी करणारा दुष्ट. शिवाय वॉर्डर पठाण आहे कीं बलुची आहे यावरच पुष्कळदां त्याचें मोजमाप उरकलें जातें. लढणाऱ्या माणसाला याहून अधिक सवड नसते, हें आम्ही जाणतों. तथापि वाङ्मयाच्या दृष्टीनें पाहतां शत्रुमित्रविवेक हा माणूस ओळखण्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे. १९७५ ते ७७ च्या आणीबाणींत पुन्हां राजबंदी आंत गेले व पुन्हां आठवणी लिहिल्या गेल्या. त्यांतहि बहुधा हाच दृष्टिकोन कायम राहिला. राजबंदी सुटला कीं तुरुंगाचा विषय संपला.

चित्रपटानें ही उणीव भरून काढली काय? व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या बोलपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची, तिच्या मागें औंध संस्थानांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें १९३९ सालीं सुरू झालेल्या खुल्या वसाहतीचा प्रयोग होता. भिंतीवांचून कैदी राहूं शकतात हा तो प्रयोग खरोखरीच क्रांतिकारक, आणि त्याचें मूळ आपल्याच मातींत आहे याचा आम्हांस आनंद वाटतो. पण बोलपटांत काय झालें? एक साधुतुल्य जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन माळरानावर जातो, आणि त्याच्या दोन डोळ्यांच्या बळावर त्यांचीं अंतःकरणें पालटतात. शिपाई, कारकून, कंपौंडर सगळे मागें राहिले! तुरुंगाचा प्रश्न सोडविण्यासाठीं तुरुंगच वगळला. शेवटीं त्या जेलरला हौतात्म्य देऊन कथेनें त्याला देवपदीं नेलें. ज्या सुधारणेला प्रत्येक ठिकाणीं एक संत लागतो ती सुधारणा सरकारी खात्यांत टिकावी कशी? वस्तुतः प्रश्न असा आहे कीं, जो संत नाहीं, ज्याला घरीं चार तोंडें खायला आहेत आणि वरिष्ठाचा धाक आहे, अशा साध्या शिपायाच्या हातून माणुसकीचें वर्तन घडेल अशी व्यवस्था कोणती? या प्रश्नाशीं कथा झोंबतच नाहीं.

याच्या उलट बंगाली वाङ्मयांतील एक उदाहरण आहे. चारुचंद्र चक्रवर्ती हे उभा जन्म बंगालच्या तुरुंगखात्यांत नोकरी करीत होते, आणि 'जरासंध' या टोपणनांवानें त्यांनीं 'लौहकपाट' हे अनुभवकथन अनेक भागांत लिहिलें. त्यांच्याच 'तामसी' या कादंबरीवरून बिमल रॉय यांनीं १९६३ सालीं 'बंदिनी' हा बोलपट काढला. त्यांतील नायिकेचें काम आपल्या नूतनबाईंनीं केलें. त्या कथेंत एक स्त्री-कैदी क्षयानें पछाडलेल्या दुसऱ्या कैदी बाईची शुश्रूषा करावयास आपण होऊन पुढें येते. खून करणारे हातच औषध पाजूं लागतात, आणि तुरुंगाचा डॉक्टर तें पाहत असतो. एवढ्याशा योजनेनें अपराध व सेवा यांचें नातें जितकें उलगडतें तितकें प्रवचनांनीं उलगडलें नसतें. आणि हें सुचलें कोणाला? ज्यानें वर्षानुवर्षें तुरुंगांत नोकरी केली त्याला. आंतून पाहणारा डोळा लेखणीपर्यंत पोहोंचला म्हणजे काय घडतें, याचा हा पुरावा आहे.

येथें एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. कोणी म्हणेल, 'तुरुंगांतला शिपाई हा लांच घेणारा, मारणारा, अंधारांत काय वाटेल तें करणारा माणूस आहे. त्याच्या मनाचा ठाव घेत बसणें म्हणजे जुलमावर पांघरूण घालणें होय. सहानुभूति हवी ती कोंडलेल्याला, कोंडणाऱ्याला कशाला?' आक्षेपांतील क्षोभ न्याय्य आहे. तुरुंगांत मारहाण होते, पैसा चालतो, कोठडींत मृत्यु घडतात. हें नाकारील तो आंधळा. परंतु समजून घेणें म्हणजे क्षमा करणें नव्हे. उलट आमचें म्हणणें असें कीं, नोकराला निनांवी ठेवल्यानेंच जुलूम सुरक्षित राहतो. 'व्यवस्था क्रूर आहे' असें म्हटलें कीं सर्वांचें समाधान होतें आणि कोणालाच जबाब द्यावा लागत नाहीं. पण व्यवस्थेला हात नसतात. लाठी उचलली ती कोणी, उचलतांना कोण उभा होता, तोंड कोणीं फिरविलें, दुसऱ्या दिवशीं वहींत काय लिहिलें गेलें, हें दाखविणारें लेखनच जुलमाला खऱ्या अर्थानें उघडें पाडतें. ज्यानें मारलें आणि ज्यानें बिस्किट दिलें ते दोघेहि एकाच गणवेषांत असतात. दोघांतील फरक कशानें पडला, याचा शोध घेणें हें वाङ्मयाचें काम नव्हे तर कोणाचें?

दुसरी एक गोष्ट अशी कीं, तुरुंगांतील कामांच्या वांटणींत आपल्या समाजाचा सगळा इतिहास दडलेला आहे. अनेक राज्यांच्या तुरुंगनियमांत स्वयंपाक कोणत्या जातीच्या कैद्यानें करावा आणि संडास कोणत्या जातीच्या कैद्यानें झाडावे याच्या तरतुदी होत्या. स्वातंत्र्य आलें, घटना आली, अस्पृश्यता कायद्यानें नष्ट झाली. तरी हीं कलमें छापील पुस्तकांत तशींच राहिलीं. अखेर ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठानें तीं घटनाबाह्य ठरविलीं. या निर्णयाच्या मुळाशीं असलेला अर्ज एका पत्रकार स्त्रीचा होता. आमच्या मनांत प्रश्न येतो तो हा: इतक्या वर्षांत इतके सुशिक्षित, संवेदनशील लेखक तुरुंगांत गेले, महिनेच्या महिने राहिले, त्यांचे संडास कोणी झाडले? त्यांच्या भाकऱ्या कोणी भाजल्या? लोकमान्यांना स्वयंपाकी दिला गेला तो ब्राह्मण पाहून दिला गेला, हें चरित्रांत आपण वाचतों आणि पान उलटतों. मंडालेची ती चूल आणि २०२४ सालचा तो निकाल यांच्यामध्यें शंभराहून अधिक वर्षांचें मौन आहे, आणि त्या मौनांत आपल्या तुरुंगवाङ्मयाचाहि वांटा आहे, हें आपण प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

तुरुंगांची आजची स्थिति पाहतां हा विषय केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा राहत नाहीं. सरकारी आंकड्यांप्रमाणें २०२२ च्या अखेरीस देशांतील तुरुंगांत ४,३६,२६६ माणसांची सोय असतां ५,७३,२२० माणसें कोंडलेलीं होतीं, आणि त्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश लोकांचा अपराध अद्याप सिद्धहि झालेला नव्हता. शंभरांच्या जागीं एकशेंएकतीस माणसें झोपवावयाचीं कशीं, याचें उत्तर मंत्रालयांत ठरत नाहीं. रात्रीं बराकीला कुलूप घालणारा शिपाई तें ठरवितो. दोन घोंगड्यांमधील जागा मोजणारा तो, भांडण सोडविणारा तो, आणि सकाळीं मोजणी चुकली तर जाब देणाराहि तोच. त्याच्या दिवसाचा वृत्तांत आपल्यापाशीं नाहीं. जो माणूस कसलीहि शिक्षा न होतां आयुष्याचीं तीस वर्षें तुरुंगाच्या भिंतींआड काढतो, त्याच्यावर त्या भिंतींचा काय परिणाम होतो, हें आपणांस कोणीं सांगितलें आहे? संध्याकाळीं घरीं गेल्यावर तो आपल्या मुलांशीं कोणत्या आवाजांत बोलतो?

आमचें मागणें मोठें नाहीं. आम्हांस महाकादंबरी नको. प्रथम साधीं, खरीं टिपणें हवींत. एखाद्या तुरुंगांतील गुरुजींनीं, चाळीस वर्षांच्या माणसाला प्रथमच स्वतःचें नांव लिहितां आलें त्या दिवशीं वर्गांत काय घडलें तें लिहावें. एखाद्या कंपौंडरनें लिहावें कीं, खोटी कळ व खरी कळ तो कशी ओळखतो, आणि ओळखण्यांत चुकला तेव्हां काय झालें. एखाद्या मेट्रनबाईनें, आईबरोबर आंत वाढणाऱ्या आणि सहा वर्षांचीं होतांच बाहेर पाठविल्या जाणाऱ्या मुलांविषयीं लिहावें. माफीचे दिवस मोजणाऱ्या कारकुनानें आपल्या वहीविषयीं लिहावें. भाषा ओबडधोबड असली तरी हरकत नाहीं. संपादकांनीं ती फार घांसूं नये, आणि टीकाकारांनींहि अलंकार शोधीत बसूं नये. नोकरींत असतांना लिहिणें कायद्याच्या दृष्टीनें अवघड असेल, तर निवृत्तीनंतर लिहावें. नांव द्यावयास संकोच वाटत असेल, तर रेडिंगच्या त्या वॉर्डरप्रमाणें नांवावांचून लिहावें.

मराठी तुरुंगवाङ्मयानें आजवर आपणांस थोर माणसें आंत कशीं राहिलीं हें शिकविलें. तें शिक्षण मोलाचें होतें. परंतु थोर माणसें क्वचितच आंत जातात. सामान्य माणसें रोज जातात, आणि त्यांना आंत घेणाराहि रोज कोणी तरी सामान्य माणूसच असतो. या दोघांची गांठ दिंडीदरवाजांत पडते त्या क्षणापासून शिक्षेला आरंभ होतो. त्या क्षणाचें वर्णन एका बाजूनें आपल्यापाशीं पुष्कळ आहे. दुसऱ्या बाजूनें तें कोणी तरी लिहावयास हवें. तोंपर्यंत आपलें हें वाङ्मय कितीहि उदात्त असलें तरी एकाक्षच राहील, असें आमचें स्पष्ट मत आहे.